डोक्यावरचा डबा

आमच्या चुडाव्यात कोणतेही काम एकट्याने करायची पद्धत नाही. म्हणजे काम एकच जण करतो, पण ते बघायला निदान सात जण लागतात. सायकलचे पंक्चर काढणारा एक, आणि ट्यूब पाण्यात बुडवल्यावर "तिथं बुडबुडा आला, तिथं" असे सांगणारे सहा. कुणाच्या शेतात बोअर मारायची गाडी आली तर विचारूच नका. आधी पन्नास माणसे धुऱ्यावर जमतात, मग गाडी सुरू होते. "ऐंशी फुटाला लागतंय बघा," "छे छे, दीडशेच्या आत नाव नका घेऊ," असे सौदे चालतात. अडीचशे फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी उडाली तरी कुणी हलत नाही. पाणी लागले तर ते आपल्या बघण्यामुळे लागले, आणि नाही लागले तर मालकाने जागा चुकीची धरली, अशी बघणाऱ्यांची ठाम समजूत असते.

पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडे निघालात की आमचे स्टेशन लागते. लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या प्रवाशांच्या लेखी आमचे गाव म्हणजे खिडकीतून झर्रकन मागे गेलेली एक पिवळी पाटी. पण त्या पाटीखाली उभे राहून गाडी 'बघणारे' आमचे लोक त्यांना दिसत नाहीत, हे त्यांचे दुर्दैव. गाडीत आपले कुणी नसते. आपल्याला कुठे जायचे नसते. तरी गाडी बघायची असते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आमच्या जिल्ह्याविषयी म्हणतात ते कशावरून म्हणतात मला माहीत नाही, पण बघण्याच्या बाबतीत असेल तर जर्मनीने आमच्याशी स्पर्धा करू नये.

ही प्रस्तावना अशासाठी, की मला ज्या वस्तूविरुद्ध आज तक्रार मांडायची आहे, तिने नेमका या बघणाऱ्यांच्या पोटावर पाय आणला आहे. वस्तूचे नाव व्हर्च्युअल रिॲलिटी हेडसेट. मराठीत 'आभासी वास्तव' असे म्हणतात, म्हणे. आमच्या गल्लीत मात्र त्याला 'डबा' हे नाव पडले आणि ते मला जास्त शास्त्रीय वाटते. डोक्यावर चढवायचा डबा.

गैरसमज नको. मी यंत्राला शिव्या घालणारा म्हातारा नाही. लेकरांच्या हातातले मोबाईल हिसकावून "आमच्या वेळी आम्ही सूरपारंब्या खेळायचो" असे सुनावणाऱ्यांतला तर अजिबात नाही. (आमच्या वेळी आम्ही सूरपारंब्या खेळायचो आणि दर आठवड्याला कुणाचा तरी हात मोडायचा.) मी स्वतः गेम खेळतो. टीव्हीला जोडायचे ते गेमचे यंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात, ते पुण्याचा माझा भाचा तीन दिवाळ्यांपासून सुट्टीत सोबत आणतो, आणि त्या कन्सोलवर फुटबॉल खेळताना मी निवृत्त शिक्षक आहे यावर कुणी विश्वास ठेवत नाही. चार चार गोल खातो, पण जिद्द सोडत नाही.

त्या दिवसांतली आमची ओसरी तुम्ही बघायला हवी. कंट्रोलर दोनच. एक भाच्याकडे, एक माझ्याकडे किंवा शेजारच्या पोराकडे. पण खेळणारे एकवीस. पिठाच्या गिरणीवाले जन्मात कधी कंट्रोलरला हात लावणार नाहीत, पण ते आमचे प्रशिक्षक. "अरं पास दे की त्याला! मोकळा उभा हाय तो कवाचा!" असे गिरणीच्या आवाजाला सरावलेल्या गळ्याने ओरडतात. शेजारचे आबा पंच. त्यांना फुटबॉलचा एकही नियम ठाऊक नाही, त्यामुळे त्यांचा निर्णय नि:पक्षपाती असतो. माझी आई बाजेवर पडल्या पडल्या, "त्या निळ्या सदऱ्याच्या लेकराला जरा बसू द्या रे, मघापासून पळायलंय," म्हणून सांगते. सौभाग्यवती चिवड्याची परात मध्ये ठेवून जाते आणि जाता जाता दोन मिनिटे उभी राहते, ती दुसऱ्या हाफपर्यंत.

आता सांगा, या एकवीस जणांत खेळले किती? कंपनीच्या हिशेबात दोन. आमच्या हिशेबात एकवीस. माझे सगळे भांडण या दोन हिशेबांतल्या एकोणिसांसाठी आहे.

तर अशा भरल्या घरात गेल्या दिवाळीच्या पाचव्या दिवशी भाच्याने बॅगेतून तो डबा काढला. कंपनीचे नाव सांगत नाही. आमच्या घरात जे झाले त्यात डब्याचा दोष किती आणि आमच्या माळवदाच्या ठेंगण्या घराचा किती, हे ठरवायला आबांसारखा पंच हवा. पांढरा, गुळगुळीत, पोहणाऱ्यांच्या चष्म्याला सूज आल्यासारखा तो डबा. भाच्याने तो डोळ्यांवर चढवला, मागे चाक पिळून आवळला, कानांत बोंडे घातली, दोन्ही हातांत दोन कडी धरली आणि तो आमच्यातून गेला. म्हणजे देहाने ओसरीवरच होता. पण गेला.

"आता काय करायलाय त्यो?" आबा.

"तलवार चालवायलाय वाटतं."

"कुणावर?"

त्याचे उत्तर कुणालाच देता येईना. टीव्हीवर त्याला जे दिसते ते दिसत होते, नाही असे नाही. पण त्याची मान हलेल तसे ते सारे चित्र गदगदा हलत होते. गरगरत्या माणसाच्या डोळ्यांतून जग बघण्यात दुसऱ्याला काय गंमत? गिरणीवाल्यांनी "डावीकडं बघ, डावीकडं!" असा सवयीने सल्ला दिला, पण कानांत बोंडे. प्रशिक्षकाचा सल्ला खेळाडूला ऐकूच येत नाही म्हटल्यावर गिरणीवाले तंबाखू मळत उठले. पाठोपाठ दोघे. मग चौघे. तेवढ्यात भाच्याने आभासी शत्रूच्या डोक्यावर घातलेला वार आमच्या वास्तव ट्यूबलाइटच्या पट्टीला लागला. पट्टी वाकली. ट्यूब वाचली. आणि थोड्याच वेळात गावातली वीज गेली.

हा प्रसंग मला जपून ठेवावासा वाटतो. ओसरीत अंधार. सगळे आपापल्या जागी गप्प. आणि मधोमध भाचा, दोन्ही हात पुढे करून, अत्यंत संयमाने उभा. दोन मिनिटे झाली, तीन झाली.

"काय रे?" मी त्याच्या दंडाला हात लावून विचारले.

"लोड होतंय मामा, थांबा," तो म्हणाला.

लोड गावाचे गेले होते.

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथे संपते. रात्री जेवताना मी भाच्याला विचारले की बाबा, एवढे महागाचे हे यंत्र तू घेतलेस कशासाठी? तो म्हणाला, "मामा, हेच भविष्य आहे. टीव्ही-बिव्ही दहा वर्षांत संपणार." भविष्य हा शब्द ऐकला की मी सावध होतो. माझ्या नोकरीच्या काळात शिक्षणाचे भविष्य म्हणून किती पेट्या शाळेत आल्या आणि किती कपाटात कुलूपबंद राहिल्या, ते मी मोजले आहे. म्हणून या डब्याची जन्मपत्रिकाही मी थोडी तपासली.

हे भविष्य बरेच जुने आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ मध्येच डोक्यावर चढवायचा असा पडदा करून दाखवला होता. इतका जड, की छताला टांगावा लागे. म्हणजे हे भविष्य पन्नास वर्षांहून अधिक काळ 'येऊ घातले' आहे. पुढे १९९० नंतर खेळवाल्या कंपन्यांना हे वेड लागले. सेगाने १९९१ मध्ये आपला डबा जाहीर केला, १९९३ मध्ये लोकांना दाखवला आणि १९९४ मध्ये गुपचूप गुंडाळला. निन्टेंडोने मात्र १९९५ मध्ये तो बाजारात आणलाच. नाव व्हर्च्युअल बॉय. टेबलावर स्टँडवर ठेवायचा, वाकून त्यात तोंड घालायचे, आणि आत सारे जग लाल आणि काळे. दुसरा रंग नाही. मान अवघडे, डोळे दुखत. तो केला होता गुन्पेई योकोई यांनी, म्हणजे ज्यांनी १९८९ चा तो सुप्रसिद्ध खिशातला गेमबॉय दिला त्याच बुद्धिमान गृहस्थांनी. तरी वर्षाच्या आत दुकान बंद. खपले सुमारे पावणेआठ लाख.

आता त्याच निन्टेंडोची दुसरी गोष्ट ऐका. २००६ मध्ये त्यांनी वी नावाचे कन्सोल काढले. चित्रे त्या काळाच्या मानाने साधीच. पण हातात एक कांडी. ती टेनिसच्या बॅटसारखी फिरवायची, की पडद्यावरचा भिडू चेंडू मारणार. आजीने फिरवावी, नातवाने फिरवावी, बाकीच्यांनी सोफ्यावर बसून हसावे. खपली दहा कोटींच्या वर. एकच कंपनी. खेळणाऱ्याचे तोंड डब्यात घातले तेव्हा पावणेआठ लाख. खेळणाऱ्याला घरातल्या सगळ्यांसमोर उभे केले तेव्हा दहा कोटी. आमच्या शाळेत चौथीच्या पोराला हे गणित घातले असते तर त्याने उत्तर काढले असते. पण मोठ्या कंपन्यांत चौथीची पोरे नोकरीला नसतात.

भाच्याने सोनीचे नाव काढले. काढू द्या. सोनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर काढला. २०१९ च्या अखेरपर्यंत पन्नास लाख विकले गेले, म्हणून पेढे वाटले. पन्नास लाख हा आकडा ऐकायला भारदस्त आहे. पण तोपर्यंत ज्या कन्सोलला तो जोडायचा, ते प्लेस्टेशन चार दहा कोटींहून अधिक घरांत गेले होते. म्हणजे वीस घरांत मिळून एक डबा. वीस घरांत एक, हे आमच्याकडे पिठाच्या गिरणीचे प्रमाण आहे. आणि गिरणीवाले निदान दळण तरी सगळ्यांचे दळून देतात.

बरे, मग दुसरा डबा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये. कन्सोल अमेरिकेत पाचशे डॉलरांना निघाले होते, डबा साडेपाचशेला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये तो आला तो सत्तावन हजारांच्या वर, आणि कन्सोल आले होते पन्नास हजारांना. बैलापेक्षा झूल महाग! शिवाय पहिल्या डब्यासाठी घेतलेले खेळ दुसऱ्या डब्यात चालत नाहीत. म्हणजे ज्यांनी २०१६ मध्ये विश्वास टाकून पैसे घातले, त्यांनाच पहिली शिक्षा. आमच्याकडे जुन्या जात्याचा खुंटा नव्या जात्याला बसतो. मग २०२४ मध्ये कंपनीने लंडनचा आपला स्टुडिओ बंद करायचे ठरवले. याच स्टुडिओने पहिल्या डब्यासाठी चांगले खेळ केले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डबा साध्या संगणकाला जोडता यावा म्हणून एक जोडणी विकायला काढली. आणि मार्च २०२५ मध्ये किंमत साडेपाचशेवरून चारशेवर आणली. लेकीला उजवून दिल्यावर बापाने हळूच दुसरीकडे स्थळ बघायला सुरुवात करावी, तसे हे.

तिसरे मोठे दुकान मायक्रोसॉफ्टचे. त्यांनी २०१६ मध्ये नव्या एक्सबॉक्सची घोषणा करताना व्हीआरच्या गप्पा मारल्या, आणि २०१८ मध्ये 'कन्सोलसाठी आमचा तसा काही बेत नाही' म्हणून हात झटकले. या साऱ्या प्रकरणात शहाणपणाचे वाक्य तेवढे एकच, आणि ते वाक्य म्हणजे नकार. उरला फेसबुकवाल्यांचा डबा. २०१४ मध्ये त्यांनी ऑक्युलस ही कंपनी दोन अब्ज डॉलरांना घेतली आणि २०१९ पासून असा डबा आणला की ज्याला ना दोरी, ना कन्सोल, ना संगणक. माझे म्हणणे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा कोणता? डब्यालाच कन्सोलची गरज नाही! तो आपल्या पायांनी घर सोडून गेला. (जाऊन श्रीमंत झाला असेही नाही. त्यांच्या या खात्याचा २०२४ या एका वर्षाचा तोटा सतरा अब्ज डॉलरांच्या वर आहे. आमच्या सोसायटीचे सचिव हा आकडा ऐकून म्हणाले, "मग आमचीच चौकशी कशाला लावता?")

हे सारे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, धंद्याचं सोडा. अनुभव बघा. आत गेल्यावर आपण खरंच तिथं असतो."

अगदी कबूल. मी आत जाऊन आलो आहे. आमच्या भागातल्या एका यात्रेत असा डबा खुर्चीला बांधून ठेवला होता. वीस रुपये तिकीट. आत घसरगुंडीची गाडी. गाडी कड्यावरून सुटली आणि मी खुर्चीच्या दांड्याला असा चिकटलो की उतरताना दोघांनी बोटे सोडवली. अनुभव खराच. आतड्यापर्यंत पोचलेला. त्यानंतर मी लिंबू सोडा घेतला आणि रसवंतीच्या बाकावर अर्धा तास आडवा झालो.

याचे कारणही सोपे आहे. आपला तोल कानाच्या आत असलेल्या नळ्यांतल्या पाण्यावर चालतो. मान वळली, देह हलला की ते पाणी हलते आणि मेंदूला वर्दी देते. डब्यात डोळा सांगतो, 'पळतोय, पडतोय, मेलो!' आणि कान सांगतो, 'कुठे काय? साहेब खुर्चीत बसलेत.' दोन साक्षीदारांच्या जबानीत इतका फरक पडला की मेंदू पोटाला अटक करतो. एसटीत बसून पुस्तक वाचणाऱ्याचे होते तेच, फक्त उलट्या बाजूने. तिथे कान म्हणतो गाडी चाललीय, डोळा म्हणतो पान स्थिर आहे. फरक इतकाच की एसटीला आपण गाव गाठायला पैसे देतो.

पण खरे सांगायचे तर त्या यात्रेत माझी काही तक्रार नव्हती. यात्रेत हे शोभते. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तुम्ही पाहिली असेल. तिथे घोडे, उंट, तमाशाचे फड आणि पाळणे. आकाशपाळण्यात मी चार वेळा बसलो आहे आणि चारही वेळा वर गेल्यावर कुलदैवताला नवस बोललो आहे. मोठी मजा येते. पण म्हणून कुणी आकाशपाळणा विकत घेऊन अंगणात रोवतो का? 'मौत का कुआँ' बघून कुणी परसातल्या आडात मोटारसायकल घालतो का? वर्षातून एकदा, वीस रुपयांत, दहा मिनिटे जिवाची भीती, ही यात्रेची गोष्ट. घराची गोष्ट वेगळी. घरात झोपाळा असतो. त्यावर बसून सुपारी कातरता येते, लेकराला निजवता येते, बाजूच्याशी भांडताही येते. कन्सोल हा घरचा झोपाळा आहे. डबा हा यात्रेचा पाळणा आहे. कंपन्या गेली तीस वर्षे घरोघरी पाळणा विकत हिंडताहेत, आणि लोक घेत नाहीत तर लोकांना भविष्य कळत नाही म्हणतात!

आणि यात्रेतसुद्धा आमचे पूर्वज जास्त शहाणे होते. माझ्या लहानपणी बायस्कोपवाला यायचा. त्याचीही पेटीच. पण त्या पेटीला चार-पाच भोके असत. पाच पोरे एकाच वेळी डोळे लावत, बायस्कोपवाला बाहेरून सूर लावून 'दिल्ली का दरबार देखो' सांगत असे आणि ज्यांच्याकडे पैसे नसत ती पोरे नुसते सांगणे ऐकूनच दिल्ली बघत. १९८४ मध्ये आपल्या देशातला पहिला त्रिमितीचा चित्रपट निघाला, मूळ मल्याळी; हिंदीत 'छोटा चेतन' म्हणून आला. त्यालाही चष्मा लागे. पण चष्मा थिएटरात सगळ्यांच्या डोळ्यांवर एकदम. पडद्यातली वस्तू अंगावर आली की अख्खे थिएटर एकदम मागे सरके, आणि मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसे. मला वाटते पैसे त्या हसण्याचे होते.

रामायणाचेही तसेच. १९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत रविवारी सकाळी एकेका टीव्हीपुढे अर्धी गल्ली बसे. चित्र काळेपांढरे, त्यात मुंग्या, मधूनच पोराला माळवदावर पाठवून अँटेना फिरवायला सांगायचे. "आला का?" "नाही!" "आता?" "आला, आला, सोडू नको!" पुढचा अर्धा तास ते पोर अँटेना धरून वर उभे, आणि आम्ही खाली रामराज्यात. चित्राचा दर्जा म्हणाल तर आजच्या डब्यापुढे शून्य. डब्यात एकेका डोळ्यापुढे दोन हजार बाय दोन हजार ठिपके असतात, म्हणे. शिवाय आत असा बारीक कॅमेरा असतो की तुमचे बुबुळ जिकडे वळेल तेवढाच भाग यंत्र स्वच्छ काढते. बाकीचा पुसट ठेवला तरी तुम्हाला कळत नाही. ही युक्ती भाच्याला फार नवी वाटते. मंत्र्यांची गाडी ज्या रस्त्याने जाणार तेवढ्याच रस्त्याचे खड्डे बुजवायचे, हे आपल्याकडे फार आधीपासून चालत आले आहे.

भाच्याचे दोन मुद्दे मात्र मला मान्य करावे लागले. एक, मोटारींच्या शर्यतीचा खेळ. ग्रॅन टुरिस्मो सात हा खेळ डब्यातून खेळताना मान वळवून आरशात मागची गाडी बघता येते आणि वळणाचा खरा अंदाज येतो. बसूनच खेळायचे, त्यामुळे ट्यूबलाइटलाही धोका नाही. ठीक. ज्याला एकट्याने रात्री मोटार हाकायची आहे त्याने हाकावी. दुसरा, व्यायाम. बीट सेबर नावाच्या खेळात गाण्याच्या ठेक्यावर दोन्ही हातांनी ठोकळे कापायचे. चांगला घाम निघतो. घाम निघतो यात शंका नाही. मे महिन्यात आमच्याकडे त्रेचाळीस डिग्रीला नुसता डबा डोक्यावर ठेवला तरी निघेल. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवली तर तोच व्यायाम होतो आणि चार कणसेही वाचतात. पण हा मुद्दा ताणत नाही.

तिसरा मुद्दा भाच्याने मांडला नाही. तो माझ्या घरातच घडला, आणि अडचणीचा असला तरी लपवण्याइतका मी वकील नाही.

आई तीन वर्षांपासून बाजेवर आहे. कमरेचे हाड मोडल्यापासून उठणे नाही. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नाही. पूर्णा पाहिली, गोदावरी पाहिली, समुद्र राहिला. भाऊबीज झाल्यावर एका दुपारी घरात कुणी नसताना भाच्याने तिच्या डोळ्यांवर तो डबा हलकेच ठेवला आणि समुद्राच्या पोटातले एक दृश्य लावले. मी दारातून बघत होतो. आईचे तोंड उघडे राहिले. हाताची बोटे हवेत काहीतरी चाचपायला लागली.

"किती पाणी हाय रे," ती म्हणाली. "मासा आला बघ. केवढा हाय!"

"हो आजी. घाबरू नको."

"घाबरत नाही मी." मग थोड्या वेळाने, "पण तू कुठं हाईस? दिसंना मला तू."

"इथंच आहे आजी, शेजारी."

"मग दिसत का नाहीस? तूबी ये की."

भाच्याने तिचा हात हातात घेतला. तेव्हा कुठे ती पुढचा समुद्र बघायला तयार झाली. दोन दिवसांनी तिने पुन्हा "ते पाणी दाव" म्हणून मागणी केली, हेही नमूद करतो. पण डबा चढवायच्या आधीच हात पुढे केला.

म्हणून म्हणतो, डबा फोडून टाका असे माझे म्हणणे नाही. बाजेवरच्या माणसाला समुद्र दाखवायला, शिकाऊ डॉक्टरला काळीज उघडून दाखवायला, यात्रेत वीस रुपयांत भेदरवायला, जरूर वापरा. त्यासाठी दवाखान्यात ठेवा, कॉलेजात ठेवा, तंबूत ठेवा. पण ओसरीवरच्या खेळाची जागा घ्यायला त्याला पाठवू नका. आमच्या आईला जे पहिल्या दोन मिनिटांत खटकले, ते तीस वर्षांत एवढ्या इंजिनियरांपैकी कुणाला पुरेसे खटकलेले दिसत नाही. ठिपके वाढवले, वजन कमी केले, दोरी काढली. पण 'तूबी ये की' याला अजून उत्तर नाही. दोघांनी आत जायचे तर दोन डबे हवेत, आणि बहुतेक खेळांत कन्सोलही दोन. एकवीस जणांचा हिशेब मी गिरणीवाल्यांना करायला सांगितला. त्यांनी खडूने पत्र्यावर मांडला, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "गुरुजी, एवढ्यात तर दुसरी गिरणी येतीया, ट्रॅक्टरसकट."

दिवाळी संपली. भाचा परत निघाला तेव्हा मी त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता, म्हणून त्याने शेवटचा हल्ला केला.

"मामा, पुढचा डबा चष्म्यासारखा येणार आहे. पारदर्शक. आत राहूनसुद्धा आजूबाजूची माणसं दिसतील."

"दिसतील ना? मग त्या माणसांकडे बघायला चष्मा कशाला?"

"तसं नाही हो मामा..."

"हे बघ," मी म्हणालो, "तू त्या डब्याला किती घातलेस? आणि कंट्रोलर कितीला येतो?"

"सहा हजारांच्या आसपास."

"म्हणजे डब्याच्या पैशात नऊ कंट्रोलर. नऊ नकोत. एका वेळी चार चालतात ना कन्सोलवर? मग पुढच्या दिवाळीला येताना दोन जास्तीचे आण. गिरणीवाल्यांना एक पाहिजे आहे. आणि आबांनी निवृत्ती घेतली पंचगिरीतून, त्यांना आता गोलकीपर व्हायचंय."

तो हसला. गाडी आली, डबा बॅगेत आणि बॅग बर्थखाली गेली. फलाटावर गाडी बघायला आलेल्या पाच-सहा जणांनी त्यालाही ओवाळावे तसे बघून घेतले. त्यातल्या एकाने विचारले, "गुरुजी, त्या पेटीत काय हाय म्हणे, समुद्र?"